परागकणांच्या हंगामात औषध निवडताना : चिठ्ठीविना मिळणाऱ्या उपायांचे सविस्तर मार्गदर्शन

परागकणांचा हंगाम सुरू झाला की औषधांच्या दुकानातला एक अख्खा खण शिंका, गळणारे नाक आणि खाजणारे डोळे यांवरच्या खोक्यांनी भरून जातो. खोकी वीस-पंचवीस असली, तरी ती उलटून मागची बारीक अक्षरे वाचली तर आतली औषधे जेमतेम सात-आठच असल्याचे लक्षात येते. एकच औषध तीन वेगवेगळ्या नावांनी शेजारी-शेजारी मांडलेले असते, आणि कधी कधी एकाच मालिकेतल्या दोन खोक्यांत पूर्णपणे निराळी औषधे असतात. त्यामुळे खोक्यावरचे ठळक नाव बाजूला ठेवून मागचा ‘घटक’ हा मजकूर वाचण्याची सवय लावून घ्यावी. या लेखात जी नावे येतील ती सगळी घटकांचीच आहेत. कोणते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळते, हे देशागणिक बदलते, म्हणून इथला एखादा पर्याय तुमच्याकडे चिठ्ठीनेच मिळत असेल, तर त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

सुरुवातीलाच माझे ठाम मत मांडतो. औषध निवडताना ‘सगळ्यांत जोरदार कोणते’ असे विचारण्याऐवजी ‘मला सगळ्यांत जास्त छळणारे लक्षण कोणते’ असे विचारावे. शिंका आणि खाज यांवर चालणारी गोळी चोंदलेल्या नाकावर फारशी चालत नाही, आणि चोंदलेल्या नाकावर चालणारा फवारा पहिल्या दिवशी आपला पूर्ण गुण दाखवत नाही. या दोन गोष्टी ठाऊक नसल्यामुळे कितीतरी माणसे दर हंगामात चांगली औषधे ‘उपयोग नाही’ म्हणून टाकून देतात.

आधी खात्री : हा परागज्वरच आहे का?

परागज्वर म्हणजे परागकणांमुळे होणारी नाक-डोळ्यांची अ‍ॅलर्जी; हे नाव फसवे आहे, कारण यात ताप येत नाही. १८१९ साली लंडनमध्ये जॉन बॉस्टॉक या डॉक्टरांनी दर उन्हाळ्यात स्वतःलाच होणाऱ्या या त्रासाचे वर्णन वैद्यकीय सभेपुढे मांडले. कापलेल्या गवताच्या वासाने हा विकार होतो, अशी तेव्हाची लोकसमजूत होती. १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांच्या आधारे याला परागकण कारणीभूत असल्याचे दाखवून दिले.

साधी सर्दी आणि परागज्वर यांतला फरक ओळखण्याची सर्वांत चांगली खूण म्हणजे खाज. नाकाच्या आत, टाळूला, घशाच्या मागे आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात खाज सुटते, एका पाठोपाठ एक शिंकांची माळ लागते आणि नाकातून पाण्यासारखा पातळ, रंगहीन स्राव वाहतो. सर्दी साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरते; परागज्वर मात्र कित्येक आठवडे रेंगाळतो, कोरड्या आणि वाऱ्याच्या दिवशी बळावतो, चांगला पाऊस पडून गेल्यावर सहसा हलका होतो. लहान मुले तळहाताने नाक वरच्या दिशेने सारखी चोळतात, आणि त्यामुळे नाकावर एक आडवी रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर अ‍ॅलर्जीचा विचार अवश्य करावा.

काही लक्षणे दिसत असतील, तर मात्र दुकानातून परस्पर औषध न घेता थेट डॉक्टरांकडे जावे. फक्त एकाच बाजूचे नाक चोंदणे किंवा गळणे, स्रावात रक्त किंवा दुर्गंधी असणे, तापासह चेहरा दुखणे, डोळा दुखणे, उजेड सहन न होणे, नजर अंधूक होणे ही त्यांतली काही लक्षणे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे छातीत घरघर, छाती आवळल्यासारखी वाटणे, दम लागणे किंवा रात्री खोकल्याने जाग येणे. नाक आणि फुप्फुसे ही एकाच श्वसनमार्गाची दोन टोके आहेत, आणि परागज्वर असणाऱ्या पुष्कळांना दमाही असतो. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये गवताच्या परागांच्या ऐन हंगामात वादळ आले, तेव्हा हजारो माणसांना एकाच संध्याकाळी दम्याचा झटका आला आणि दहा जणांचा मृत्यू झाला. त्रास झालेल्यांपैकी अनेकांना तोवर फक्त परागज्वरच ठाऊक होता, दम्याचे निदान झालेलेच नव्हते. अख्खा परागकण नाकातच अडकतो, पण वादळी हवेतल्या ओलाव्याने तो फुटला की त्याचे सूक्ष्म तुकडे थेट फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. दम्याची शंका असेल, तर नाकाचे औषध हा पुढचा प्रश्न. आधी छातीची तपासणी करून घ्यावी.

लक्षणांची वही

निवडीपूर्वी चार-पाच दिवस एक छोटी नोंद ठेवावी. रोज झोपण्यापूर्वी चार लक्षणांना शून्य ते तीन असे गुण द्यावेत : शिंका व खाज, गळणारे नाक, चोंदलेले नाक आणि डोळ्यांचा त्रास. शून्य म्हणजे काहीच नाही, तीन म्हणजे काम किंवा झोप बिघडवणारा त्रास. त्रास दिवसाच्या कोणत्या वेळी होतो आणि त्या दिवशी बाहेर किती वेळ गेला, हेही एका ओळीत लिहावे. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण त्यामुळे फार्मासिस्टसमोर उभे राहिल्यावर ‘अ‍ॅलर्जीचे काहीतरी द्या’ असे म्हणण्याची वेळ येत नाही. ‘नाक रात्री चोंदते, डोळे ठीक आहेत, शिंका थोड्या आहेत’ असे नेमके सांगता येते.

हा फरक का महत्त्वाचा, हे शरीरात काय घडते त्यावरून समजते. परागकण नाकाच्या अस्तरावर बसला की तिथल्या मास्ट पेशी काही मिनिटांतच हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. शिंका, खाज आणि पाणी वाहणे ही मुख्यतः त्याची करामत. त्यानंतर काही तासांनी दुसरी लाट येते. दाहकारक पेशी अस्तरात जमतात, अस्तर सुजते आणि नाक चोंदते. हिस्टामिनला अडवणारी गोळी पहिली लाट थोपवते, पण सूज कमी करणे हे तिचे बलस्थान नाही. नाकातला स्टेरॉइडचा फवारा ती सूज मुळातच शमवतो.

गोळी : शिंका आणि खाज यांसाठी

अँटिहिस्टामिन गोळ्यांच्या दोन पिढ्या आहेत, आणि त्यांतला फरक समजून घेणे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन ही जुन्या पिढीची औषधे मेंदूत सहज शिरतात. त्यामुळे पेंग येते, तोंडाला कोरड पडते, लघवी अडते, वयस्कर माणसांना गोंधळल्यासारखे होते आणि तोल जातो. रात्री घेतलेल्या गोळीची सुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकू शकते, आणि धोका असा की घेणाऱ्याला ती जाणवतेच असे नाही; आपण पूर्ण जागे आहोत असे वाटत असतानाच प्रतिक्रिया मंदावलेल्या असतात. परागज्वरासाठी या गोळ्या आता निवडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. काचबिंदू किंवा प्रोस्टेट वाढल्याचा त्रास असेल, तर त्या टाळाव्यातच. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांत आणि झोपेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत हीच औषधे असतात, याकडेही लक्ष असू द्यावे.

नव्या पिढीत प्रामुख्याने तीन नावे येतात. सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, लोरॅटाडिन १० मिलिग्रॅम आणि फेक्सोफेनाडिन १२० किंवा १८० मिलिग्रॅम, ही प्रौढांची दिवसातून एकदा घ्यायची नेहमीची मात्रा. लेव्होसेटिरिझिन आणि डेस्लोरॅटाडिन ही अनुक्रमे पहिल्या दोघांची जवळची भावंडे असून त्यांची मात्रा प्रत्येकी ५ मिलिग्रॅम असते. सेटिरिझिनचा गुण साधारण तासाभरात जाणवू लागतो आणि कित्येकांना ते सर्वांत प्रभावी वाटते. मात्र तिघांत गुंगीची शक्यता त्याचीच जास्त. त्याच्या अमेरिकी औषधपत्रकातील चाचण्यांत १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना पेंग आली, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे ६ टक्के होते. म्हणून सेटिरिझिन पहिल्यांदा घेणाऱ्याने ते रात्री घ्यावे आणि आपल्यावर त्याचा परिणाम कळेपर्यंत वाहन चालवू नये. ज्यांचे काम यंत्रावर, उंचावर किंवा रस्त्यावर आहे, त्यांनी फेक्सोफेनाडिनपासून सुरुवात करावी, कारण ते मेंदूत जवळजवळ शिरतच नाही.

फेक्सोफेनाडिनची एक खोड मात्र लक्षात ठेवावी. ते साध्या पाण्यासोबतच घ्यावे. संत्रे, सफरचंद किंवा ग्रेपफ्रूट यांच्या रसाबरोबर घेतल्यास ते आतड्यांतून नीट शोषले जात नाही, आणि अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियम असलेले आम्लपित्ताचे औषध त्याच वेळी घेतले तरी तेच घडते. ‘ही गोळी मला लागूच पडत नाही’ अशी तक्रार असेल, तर ती कशाबरोबर घेतली जाते हे आधी तपासावे. सेटिरिझिन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडांचा विकार असणाऱ्यांना त्याची कमी मात्रा लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. शिवाय कित्येक महिने किंवा वर्षे रोज सेटिरिझिन अथवा लेव्होसेटिरिझिन घेऊन ते एकदम थांबवल्यावर क्वचित काहींच्या सर्वांगाला तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये दिला आहे. हंगामापुरते औषध घेऊन हंगामानंतर थांबवण्याचे हे आणखी एक कारण.

एका गोळीने भागले नाही, तर दुसऱ्या नावाची अँटिहिस्टामिन गोळी तिच्यात भर म्हणून घेऊ नये. चार-पाच दिवस रोज नियमाने एकच गोळी घेऊन पाहावी, नाही जमले तर तिच्या जागी दुसरी आणावी, आणि तरीही नाक चोंदलेलेच राहत असेल, तर गोळ्यांचा नाद सोडून फवाऱ्याकडे वळावे.

स्टेरॉइडचा फवारा : चोंदलेल्या नाकाचा मुख्य उपाय

लक्षणे रोज होत असतील, झोपमोड होत असेल किंवा वहीत ‘चोंदलेले नाक’ या रकान्यात दोन-तीन गुण सतत पडत असतील, तर नाकातला स्टेरॉइडचा फवारा हीच पहिली निवड असावी. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड, बेक्लोमेटासोन आणि ट्रायअ‍ॅमसिनोलोन ही यांतली नावे आहेत. नाकाच्या एकूण लक्षणांवर हे फवारे गोळ्यांपेक्षा अधिक परिणामकारक आहेत, आणि डोळ्यांची खाजही ते काही प्रमाणात कमी करतात. या पाचांतील गुणात फार मोठा फरक नाही; वास, चव, फवाऱ्याचा ओलावा यांवरून आपल्याला मानवणारा घ्यावा.

‘स्टेरॉइड’ या शब्दाने अनेक जण दचकतात, आणि ही भीती मला समजते. मात्र पोटात घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि हा फवारा यांत मोठे अंतर आहे. इथे मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, औषध जिथे हवे तिथेच पडते, आणि फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन यांचा जो अंश रक्तात पोहोचतो तो दोन टक्क्यांहूनही कमी असतो. लहान मुलांना सलग वापरायचे असेल, तर उंचीची वाढ पाहत राहावी आणि लागेल तेवढीच कमी मात्रा ठेवावी. एचआयव्हीवरील रिटोनाविरसारखी काही औषधे शरीरातील स्टेरॉइडचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकतात, म्हणून ती चालू असतील तर विचारल्याशिवाय फवारा घेऊ नये.

दुसरी गोष्ट धीराची. काहीसा आराम पहिल्या दिवसातच जाणवू लागतो, पण पूर्ण गुण यायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. तिसऱ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून फवारा ठेवून देणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ज्यांना आपला हंगाम ठाऊक आहे, त्यांनी तो सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून रोज फवारा घ्यावा. सूज चढल्यावर ती उतरवण्यापेक्षा ती चढू न देणे कितीतरी सोपे असते.

तिसरी गोष्ट फवारा मारण्याच्या पद्धतीची, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. पहिल्यांदा फवारा वापरला तेव्हा मी तो सरळ वर, नाकाच्या मधल्या पडद्याच्या दिशेने धरून जोरात ओढत असे. औषध घशात उतरून कडवट चव येई, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी घोळणा फुटला. मी तो फवारा सोडून दिला आणि संपूर्ण हंगाम तोंडाने श्वास घेत काढला. पुढच्या वर्षी एका फार्मासिस्टने मला त्यांच्यासमोर फवारा मारून दाखवायला लावला, तेव्हा चूक औषधाची नसून माझ्या मनगटाच्या कोनाची असल्याचे कळले.

योग्य पद्धत अशी. आधी नाक हळुवार शिंकरून मोकळे करावे. बाटली हलवावी, ती नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर हवेत काही वेळा दाबून एकसारखी धार येईपर्यंत पाहावे. मान मागे टाकू नये; ती किंचित पुढे झुकवावी, पायाच्या बोटांकडे पाहिल्यासारखी. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हातात धरावी, म्हणजे नळीचे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळते आणि मधल्या पडद्यापासून दूर राहते. टोक नाकपुडीत जेमतेम आत ठेवावे, फवारा दाबावा आणि फुलाचा वास घ्यावा इतक्याच हळू श्वास घ्यावा. औषध घशात आले, तर श्वास जोरात ओढला गेला असे समजावे. नंतर काही वेळ नाक शिंकरू नये. नळीचे टोक पुसून टोपण लावावे.

फ्लुटिकासोनच्या ५० मायक्रोग्रॅमच्या फवाऱ्याची प्रौढांसाठी नेहमीची सुरुवात प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एकदा दोन फवारे अशी असते आणि त्रास आटोक्यात आल्यावर ते एकावर आणता येतात. तरी आपल्या खोक्यातील पत्रकच अंतिम मानावे. नाक कोरडे पडून किंचित रक्त दिसले, तर एक-दोन दिवस फवारा थांबवून कोन तपासावा. रक्त वारंवार येत असेल, तर डॉक्टरांना नाक दाखवावे.

लवकर गुण हवा असेल तर अ‍ॅझेलास्टिन या अँटिहिस्टामिनचा नाकातला फवारा उपयोगी पडतो. तो सुमारे अर्ध्या तासात काम करू लागतो आणि चोंदण्यावरही गोळीपेक्षा बरा चालतो; मात्र चव कडू असते आणि काहींना त्यानेही गुंगी येते. नुसत्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याने भागत नसेल, तर त्याला गोळीची जोड देण्यापेक्षा अ‍ॅझेलास्टिनच्या फवाऱ्याची जोड देणे सहसा अधिक फायद्याचे ठरते.

झटपट नाक मोकळे करणाऱ्या औषधांपासून सावधान

ऑक्सिमेटाझोलिन आणि झायलोमेटाझोलिन यांचे फवारे किंवा थेंब काही मिनिटांतच नाक मोकळे करतात, आणि तिथेच धोका दडलेला आहे. ही औषधे नाकाच्या अस्तरातील रक्तवाहिन्या आकुंचित करतात, पण सतत वापर झाला की गुण ओसरताच नाक आधीपेक्षा अधिक चोंदते. माणूस पुन्हा फवारा मारतो, पुन्हा चोंदते, आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालते. ही औषधे सलग तीन, फार तर पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. परागकणांचा हंगाम अनेक आठवड्यांचा असतो, म्हणून त्यांची जागा इतकीच : नाक पूर्ण बंद असल्याने स्टेरॉइडचा फवारा आतच जात नसेल, तर पहिले दोन-तीन दिवस त्याच्या आधी वाट मोकळी करण्यासाठी. ज्यांना आधीच सवय लागली आहे, त्यांनी स्टेरॉइडचा फवारा सुरू करून हा फवारा आधी एका नाकपुडीत आणि मग दुसऱ्या नाकपुडीत थांबवावा. मधले काही दिवस कठीण जातात, पण नाक पूर्ववत होते.

पोटात घ्यायच्या गोळ्यांपैकी सुडोइफेड्रिनने नाक मोकळे होते, परंतु रक्तदाब वाढतो, छातीत धडधडते आणि झोप उडते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइडचा अतिरेक, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी आणि एमएओ गटातील नैराश्याची औषधे घेणाऱ्यांनी ते घेऊ नये. फेनिलएफ्रिन या दुसऱ्या घटकाबद्दल तर सरळच सांगतो : पोटात घेतलेल्या फेनिलएफ्रिनवर पैसे खर्च करू नयेत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने, तोंडावाटे घेतल्यास नेहमीच्या मात्रेत ते नाक मोकळे करत नाही, असा एकमुखी निष्कर्ष काढला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या नियामकाने ते चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. अनेक मिश्र गोळ्यांत ते आजही असते, म्हणून नावाला ‘डी’, ‘प्लस’ किंवा ‘कोल्ड’ अशी शेपटी जोडलेले खोके उलटून वाचल्याशिवाय घेऊ नये.

डोळ्यांसाठी थेंब

नाक बरे आणि डोळेच खाजत असतील, तर सर्वांगात फिरणारी गोळी घेण्यापेक्षा डोळ्यांत थेंब टाकणे बरे. केटोटिफेन आणि ओलोपॅटाडिन हे थेंब दोन्ही प्रकारे काम करतात. हिस्टामिनला अडवतात आणि मास्ट पेशींनाही शांत ठेवतात. केटोटिफेन आणि ०.१ टक्के ओलोपॅटाडिन दिवसातून दोनदा, तर ०.२ टक्के ओलोपॅटाडिन एकदाच टाकायचे असते. सोडियम क्रोमोग्लिकेटचे २ टक्के थेंब अतिशय सुरक्षित आहेत, पण ते दिवसातून चार वेळा टाकावे लागतात आणि त्यांचा गुण हळूहळू येतो. त्रास होण्याआधीपासून नेमाने टाकणाऱ्यालाच त्यांचा फायदा मिळतो.

‘डोळ्यांची लाली घालवणारे’ म्हणून मिळणारे नॅफाझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिन यांचे थेंब रोज वापरू नयेत. नाकात घडते तेच डोळ्यांतही घडते आणि लाली दुप्पट जोराने परतते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स काढून थेंब टाकावेत आणि किमान दहा-पंधरा मिनिटांनी लेन्स पुन्हा घालावी, कारण थेंबांतील बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक लेन्समध्ये शोषले जाते. त्रास जास्त असलेल्या दिवसांत चष्म्यावरच भागवणे उत्तम. डोळे चोळण्याऐवजी बंद पापण्यांवर थंड पाण्याची घडी ठेवावी. चोळल्याने मास्ट पेशींतून आणखी हिस्टामिन सुटते.

औषधाविना करण्याजोगे

मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय आहे. अस्तरावर चिकटलेले परागकण वाहून जातात, आणि त्यानंतर मारलेला फवाराही थेट अस्तरावर पोहोचतो. मिठाचे प्रमाण लिटरला ९ ग्रॅम असावे, आणि मीठ आयोडीन न घातलेले घ्यावे. मात्र पाण्याबाबत कसलीही तडजोड करू नये. नळाचे किंवा विहिरीचे कच्चे पाणी नाकात घातल्याने नेग्लेरिया फाउलेरी या अमिबाचा संसर्ग होऊन मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत; हे क्वचित घडते, पण घडल्यावर वाचण्याची शक्यता फारच थोडी असते. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळून, झाकून, कोमट होऊ द्यावे किंवा डिस्टिल्ड पाणी आणावे. भांडे दर वेळी धुऊन पूर्ण वाळवावे.

बाहेरून आल्यावर कपडे बदलून केसांवरून पाणी घेणे, हंगामात कपडे घरात वाळवणे, वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद ठेवणे, डोळ्यांच्या बाजू झाकणारा चष्मा आणि नाकतोंड झाकणारा मास्क वापरणे, नाकपुड्यांच्या कडेला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावणे, यांतले प्रत्येक पाऊल लहान असले तरी त्यांची बेरीज औषधाची गरज कमी करते. मध खाल्ल्याने परागज्वर जातो, ही समजूत मात्र पुराव्याने टिकत नाही. मधमाश्या गोळा करतात ते बहुतांशी फुलांचे जड, चिकट पराग, आणि आपल्याला त्रास देतात ते गवत आणि झाडांचे वाऱ्यावर उडणारे हलके पराग.

ज्यांनी आधी विचारावे

गर्भवती स्त्रियांनी मिठाच्या पाण्यापासून सुरुवात करावी आणि पुढची पायरी डॉक्टरांशी बोलून ठरवावी. लोरॅटाडिन, सेटिरिझिन आणि बुडेसोनाइडचा फवारा यांचा गर्भावस्थेतला अनुभव मोठा आहे, तर सुडोइफेड्रिन विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत टाळतात. स्तनपान देणाऱ्यांनी गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत, कारण बाळालाही सुस्ती येऊ शकते. मुलांच्या बाबतीत मात्रा वय आणि वजन पाहूनच ठरते. प्रौढांच्या गोळीचा अंदाजे तुकडा मोडून देऊ नये, आणि दोन वर्षांखालील मुलाला परस्पर काहीही देऊ नये. अ‍ॅलर्जीची त्वचेवरची चाचणी ठरली असेल, तर अँटिहिस्टामिन गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी नकारात्मक येते. किती दिवस थांबवायचे, हे चाचणी करणाऱ्यांकडून नक्की करून घ्यावे.

दोन-चार आठवड्यांनंतरचा निर्णय

फवारा योग्य कोनात, रोज, दोन ते चार आठवडे वापरून आणि त्याला गरजेप्रमाणे थेंबांची किंवा अ‍ॅझेलास्टिनची जोड देऊनही वहीतले गुण दोनच्या खाली येत नसतील, तर दुकानातला पुढचा खोका शोधण्यात वेळ घालवू नये. आता डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. तिथे नेमक्या कोणत्या परागाची अ‍ॅलर्जी आहे हे तपासता येते आणि इम्युनोथेरपीचा विचार करता येतो. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी परागांचा अर्क अल्प मात्रेत टोचून हा मार्ग सुरू केला. आज तो इंजेक्शनांनी किंवा जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांनी दिला जातो, किमान तीन वर्षे चालतो, आणि औषधे थांबल्यावरही त्याचा गुण टिकू शकतो. परागज्वरासाठी संपूर्ण हंगामभर पुरणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन कोणी सुचवले, तर ते मात्र नाकारावे. त्यातले औषध कित्येक आठवडे सर्व शरीरात राहते आणि दुष्परिणाम दिसले तरी ते काढून घेता येत नाही.

गुण आला, तर हंगाम सरेपर्यंत फवारा चालू ठेवावा, मग एका फवाऱ्यावर आणून थांबवावा. लक्षणे ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, त्यातून चौदा दिवस वजा करावेत आणि ती तारीख पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेत आजच नोंदवावी : त्या दिवशी सकाळी नवा फवारा उघडायचा आहे.